निसरडं मोजणारी बाई

लोक रेल्वे स्टेशनवर कसे पडतात हे सांगण्यासाठी मला तीस वर्षं पगार मिळाला. आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. पुण्याहून फोन आला की ती विचारायची, "म्हणजे मृणाल, तू नक्की करतेस काय?" मी सांगायची, "फरशी किती निसरडी आहे ते मोजते." शेजारच्या काकूंना ती सांगायची की मुलगी इंग्लंडच्या रेल्वेत मोठी इंजिनिअर आहे. तेही पूर्ण खोटं नव्हतं.

धंदा समजायला सोपा आहे. माणूस प्लॅटफॉर्मवर घसरतो, हात मोडतो आणि रेल्वे कंपनीवर दावा लावतो. फरशी निसरडी होती असं त्याचं म्हणणं, आणि फरशी उत्तम होती, तुम्हीच बघून चालत नव्हता असं कंपनीचं म्हणणं. न्यायाधीशाला दोन्हीतलं काही कळत नाही, म्हणून तज्ज्ञाला बोलावतात. कॉव्हेंट्रीतल्या एका लहानशा लॅबमधली ती तज्ज्ञ म्हणजे मी. माझ्याकडे एक यंत्र होतं. लोखंडी पायांचा स्टँड आणि त्यावर घड्याळाच्या लंबकासारखा झुलणारा दांडा. दांड्याच्या टोकाला रबराचा तुकडा, म्हणजे बुटाची टाच. फरशीवर पाणी ओतायचं आणि दांडा सोडायचा. रबर फरशीला घासून पुढे जातं. फरशीने त्याला किती अडवलं, ते काटा दाखवतो. आकडा छत्तीस किंवा वर आला तर फरशी पास. शाळेत आम्ही पस्तिसाला पास व्हायचो, फरशीला एक मार्क जास्त लागतो. आणि ज्या दोन पक्षांच्या मध्ये बसून मी हा आकडा काढायची, त्यांच्यातही छत्तीसचाच आकडा असायचा.

पिवळं जॅकेट घालून, गुडघे टेकून प्लॅटफॉर्मवर पाणी ओतणाऱ्या भारतीय बाईला या देशात कोणी तज्ज्ञ समजत नाही. लोक मला टॉयलेट कुठे आहे ते विचारत. एका आजीबाईंनी "छान स्वच्छ ठेवता हो तुम्ही" म्हणून हातावर पेपरमिंट ठेवलं होतं. मी ते खाल्लं आणि टेस्ट पुढे चालू ठेवली.

मेडनहेडजवळच्या एका स्टेशनवर तर मी स्वतःच अपघात घडवला. पाणी ओतलं होतं, चारही बाजूंना पिवळे बोर्ड लावले होते. फोनमध्ये डोकं घातलेले एक सूटवाले गृहस्थ बोर्ड ओलांडून सरळ आत आले आणि माझ्या डोळ्यांसमोर आडवे झाले. मी यंत्राच्या दांड्याला धरून उभी. आता माझ्यावरच दावा लागणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. गृहस्थ बसल्या जागेवरून म्हणाले, "आकडा किती आला?" मी म्हणाले, "एकोणीस." त्यांनी ओल्या पँटवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हो, साधारण तेवढाच वाटला." मग उठून ट्रेन पकडायला गेले. असे ग्राहक आयुष्यात एकदाच मिळतात.

बाकीचे असे नसत. एकाने पावसात प्लॅटफॉर्मवरून घसरल्याचा दावा लावला. कुठे, कसा, कोणत्या पायावर पडलो, सगळं चित्रासकट लिहिलं होतं. त्या दिवशी ते स्टेशन रुळांच्या कामासाठी बंद होतं, एवढंच त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्याचा पाय इतका दुखत होता की त्याला जिना चढता येत नव्हता, आणि हे सांगायला तो आमच्या ऑफिसचे तीन मजले चढून आला होता. असले नमुने वर्षानुवर्षं बघितले की माणसाचं एक मत बनून जातं. दावे म्हणजे लॉटरी, वकील म्हणजे तिकीट विकणारे, आणि या सगळ्याची भरपाई तुमच्याआमच्या रेल्वेच्या भाड्यातून होते, असं माझं मत होतं. घरी, दारी, लग्नाच्या पंगतीत मी ते ऐकवत असे.

म्हणूनच आमच्या मराठी मंडळाने वादविवाद ठेवला तेव्हा पहिलं नाव माझं निघालं. विषय होता, 'नुकसानभरपाईच्या दाव्यांना आळा घालायला हवा का?' शनिवारची दुपार, कॉव्हेंट्रीतला चर्चचा हॉल, आणि जेवून सुस्तावलेली शंभरेक माणसं. आळा घाला म्हणणारी मी. विरुद्ध बाजूला अनुजा, आमच्या जुन्या स्नेह्यांची इथेच जन्मलेली मुलगी. ती सॉलिसिटर आहे आणि अपघातात जखमी झालेल्यांच्या बाजूने लढते. मराठीतून बोलण्याचा हट्ट तिचाच होता.

मी माझे सगळे नमुने बाहेर काढले. बंद स्टेशन, तीन मजले, पेपरमिंट. हॉल हसत होता, आणि हसणारा हॉल समोर असला की माझा लगाम सुटतो. त्या भरात मी आणखी एक किस्सा सांगितला. एका छोट्या स्टेशनच्या पादचारी पुलाच्या पायऱ्यांवरून एक बाई पडली. नाव, गाव काही सांगितलं नाही. बाईने जबानीत लिहिलंय की पायऱ्या लोण्यासारख्या होत्या. मी त्या पायऱ्यांवर पाणी ओतून मोजलं, आकडा बेचाळीस. "म्हणजे लोणी उत्तम प्रतीचं होतं, पाय अजिबात घसरत नाही," असं मी म्हणाले. मोडलेल्या मनगटाचं दुःख इतकं की पाच महिन्यांनी बाई मुलीच्या लग्नात दोन्ही हात वर करून नाचताना फोटोत दिसते, हेही सांगितलं. हशा, टाळ्या.

हे मी सांगायला नको होतं. ते प्रकरण कोर्टात चालू होतं आणि तारीख महिन्यावर आली होती.

अनुजा उठली. तिची मराठी अडखळत होती. "माझा एक क्लायंट होता, म्हातारी बाई, तो ट्रेनमधून उतरताना पडला," असं तिने सुरू केलं आणि मागच्या रांगेत खसखस पिकली. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. म्हणाली, कायदा बदलत बदलत आता असा झालाय की दावा छोटा असला तर जिंकलेल्या माणसाला वकिलाचा खर्च समोरच्याकडून मिळत नाही. मग छोटी केस कोणी वकील घेत नाही. तो म्हातारी बाई एकटा फॉर्म भरतो, आणि समोर कंपनीचा अख्खा लीगल डिपार्टमेंट. मग ती माझ्याकडे वळली.

"मृणालमावशी, तुमच्याकडे फक्त क्लेम केलेले लोक येतात. जे पडतात आणि काहीच बोलत नाहीत, ते तुमच्या फाइलमध्ये कसे येणार?"

मी काहीतरी चटपटीत उत्तर दिलं, आता आठवत नाही. हात वर करून मतदान झालं आणि मी दणदणीत जिंकले. तिचं व्याकरण चुकत होतं, माझा मुद्दा चुकत होता, आणि सभागृहाने व्याकरणाला मत दिलं.

चहाच्या वेळी एक बाई माझ्यापाशी आल्या. पन्नाशीच्या, शांत, हातात बटाटेवड्याची प्लेट. सुनंदा भोईर, मूळच्या कल्याणच्या. कुठल्याशा लाइनवरच्या एका स्टेशनवर प्लॅटफॉर्म स्टाफ म्हणून बारा वर्षं काम करत होत्या. आधी भाषण आवडल्याचं सांगितलं, मग म्हणाल्या, "ताई, एक विचारू का? ती लोणीवाली बाई पडली कधी?"

"जानेवारीत. सकाळी."

"आणि तुम्ही मोजलंत कधी?"

"जूनमध्ये. पण त्याने फरक पडत नाही, मी पाणी ओतून मोजते."

"हो, पण जानेवारीत आम्ही पायऱ्यांवर पाणी नाही मारत," त्या म्हणाल्या. "डी-आयसर मारतो. बर्फ धरू नये म्हणून. कॅनमध्ये येतं, ते पाणी घालून पातळ करायचं असतं. सकाळी घाई असली की कोण पातळ करतंय? तसंच ओततात. मग बूट असा जातो." त्यांनी प्लेटमधली चटणी बोटाने पुढे सरकवून दाखवली. "मी दोनदा पडलेय."

मी विचारलं, त्याची कुठे नोंद केलीत का.

"आम्ही पडलो तर कोणाला सांगायचं, ताई? वर परत आम्हालाच विचारतील, नीट का नाही मारलं म्हणून."

त्या दुसरा वडा घ्यायला गेल्या. मी कप हातात धरून उभी राहिले. फाइलींत कधीच न येणारी माणसं असतात, हे अर्ध्या तासापूर्वी मला सांगून झालं होतं. त्यातलंच एक माणूस आता चटणी घेत होतं.

रविवारी सकाळी नवरा बागेत गेल्यावर मी फाइल स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली. त्या बाईंचं नाव मिसेस डॉसन. एका प्राथमिक शाळेच्या किचनमध्ये काम करायच्या, मुलांना जेवण वाढायच्या, नंतर भांडी आणि फरशी. त्यांची जबानी पाच पानांची होती. तज्ज्ञाने ती पूर्ण वाचायची असते. मी चाळली होती. लोणी शब्द दिसला आणि मी तो उचलून पुढे गेले होते. त्याच्या पुढची वाक्यं आता वाचली. त्यांनी लिहिलं होतं की मी बावीस वर्षं किचनची फरशी पुसते आहे. ओली फरशी कशी लागते आणि तेलकट फरशी कशी लागते, हे माझ्या पायांना कळतं. त्या पायरीवर होतं ते पाणी नव्हतं.

म्हणजे या प्रकरणात फरशी कळणाऱ्या बाया दोन होत्या. एकीजवळ यंत्र होतं, आणि दुसरी प्रत्यक्ष त्या पायरीवर होती.

पणाला काय लागलं होतं ते सांगायला हवं. इथे जखमी माणूस केस हरला तरी कंपनीच्या वकिलाचा खर्च सहसा त्याच्या गळ्यात पडत नाही. साध्या माणसाने कोर्टाला घाबरू नये म्हणून ही सोय आहे. पण न्यायाधीशाने 'हा माणूस मुळातच खोटारडा आहे' असं ठरवलं की ती सोय जाते. दाव्यातला खरा भागही जातो आणि दोन्हीकडचा खर्च अंगावर येतो. दाव्यांना आळा घालणाऱ्यांचं हे लाडकं हत्यार, आणि मीही त्याची भक्त होते. कंपनीच्या बाजूने मिसेस डॉसनवर तेच उगारलं होतं. पुरावे दोन होते, लग्नातला फोटो आणि माझा बेचाळीस.

सोमवारी मी कंपनीच्या सॉलिसिटरला फोन केला. पीटर हॉल्डन. सभ्य माणूस, वीस वर्षांत माझं नाव त्याला एकदाही नीट उच्चारता आलं नव्हतं. मी म्हणाले, त्या सकाळी पायऱ्यांवर काय मारलं होतं त्याची नोंद मला हवी आहे.

"मारिनाल, तुझा रिपोर्ट उत्तम आहे," तो म्हणाला. "उत्तम गोष्टीत सुधारणा कशाला?"

मी म्हणाले की मी चुकीचा प्रश्न विचारून बरोबर उत्तर काढलंय. तो म्हणाला, प्रश्न आम्ही विचारला होता, आणि तो फरशीबद्दल होता. इतकी वर्षं मला त्याचं हे कोरडं बोलणं फार आवडायचं. त्या दिवशी आवडलं नाही. मी त्याला आठवण करून दिली की फी त्याची कंपनी देत असली तरी तज्ज्ञ म्हणून मी बांधलेली कोर्टाला आहे. मत बदललं तर ते दोन्ही बाजूंना कळवायला लागतं, आणि मी कळवणार. शेवटी त्याने नोंदी मागवतो असं सांगितलं आणि खरंच मागवल्या. त्याबद्दल त्याला मान द्यायला हवा.

सफाईचं काम बाहेरच्या एका कंत्राटदाराकडे होतं. त्याच्या कागदावर त्या दिवशीची नोंद होती, सकाळी सहा दहा, पुलाच्या पायऱ्या, डी-आयसर. पुढे एक रकाना होता, 'पाण्याचं प्रमाण'. तो रिकामा होता. आदल्या आणि नंतरच्या दिवसांचा भरलेला होता. कोणीतरी घाईत होतं.

मी त्याच जातीचा कॅन घेऊन पुन्हा त्या पायऱ्यांवर गेले. कंपनीचा एक माणूस वर, एक खाली, लोकांना दुसऱ्या बाजूने पाठवायला. लेबलवर लिहिलंय तसं पातळ करून ओतलं, तर आकडा सदतीस. जेमतेम पास. मग पातळ न करता ओतलं. दांडा सोडला, रबर पायरीवरून सुळकन गेलं आणि काटा सोळावर थांबला. पुन्हा केलं, पंधरा. आठ वेळा केलं, सतराच्या वर काटा गेला नाही. गुडघ्यांवर बसल्या बसल्या मला हॉलमधला हशा आठवला आणि कान गरम झाले. लोण्याची उपमा चुकीची नव्हती. थोडी सौम्यच होती.

पुरवणी रिपोर्ट चार पानांचा झाला. दोन्ही बाजूंना गेला. त्यात मी लिहिलं की त्या सकाळी पायऱ्यांवर नक्की काय होतं ते मला सांगता येत नाही, पण मिसेस डॉसन यांचं वर्णन नोंदींशी आणि नव्या मोजणीशी जुळतं, आणि पहिल्या रिपोर्टात मी हे तपासायला हवं होतं. ते शेवटचं अर्धं वाक्य टाइप करायला मला अख्खी सकाळ लागली. तज्ज्ञाला 'माझं चुकलं' लिहिण्याची सवय नसते.

सुनावणीच्या दिवशी मला साक्षीला बोलावलं होतं, पण आत जावंच लागलं नाही. दोन्हीकडचे वकील कॉरिडॉरच्या टोकाला एका छोट्या खोलीत गेले आणि तासाभराने बाहेर आले. कंपनीने खोटेपणाचा आरोप मागे घेतला होता आणि भरपाईवर तडजोड झाली होती. पीटर माझ्याजवळून जाताना थांबला. म्हणाला, "पुढच्या वेळी आम्ही कदाचित दुसरी लॅब बघू, मारिनाल." मी म्हणाले, मला तेच वाटलं होतं. त्याने हात मिळवला. नंतर निवृत्त होईपर्यंत त्याच्याकडून एकही काम आलं नाही. वर्षातली निम्मी कामं त्याची असायची, त्यामुळे लॅबमध्ये माझ्याबद्दल फारसं प्रेम उरलं नाही.

मिसेस डॉसन बाकावर मुलीशेजारी बसल्या होत्या. ठेंगण्या, निळा कोट, उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं. मी जाऊन ओळख सांगितली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पायऱ्या उत्तम आहेत म्हणणाऱ्या तुम्हीच का?"

"हो. नंतर नाहीत म्हणणारीही मीच."

त्यांची मुलगी काहीतरी बोलणार होती, पण त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग त्या स्वतःच बोलल्या. लग्नात नाचले ते गोळ्या घेऊन, म्हणाल्या, आणि ते एकच गाणं. मुलगी एकदाच लग्न करते. आरोप झाल्यावर शाळेत कळलंच. कोणी तोंडावर बोललं नाही, पण किचनमध्ये शिरलं की बोलणं थांबायचं. नंतर त्यांनी नोकरी सोडली. कागदपत्रांत 'आरोप मागे घेतला' असं लिहिलंय, पण ते कागद वकिलाच्या कपाटात जाणार. शाळेतल्या बाया ते कुठे वाचणार?

"तुम्ही लिहून द्याल?" त्यांनी विचारलं. "मी खोटं बोलले नव्हते एवढंच. साध्या इंग्लिशमध्ये. आकडे नकोत."

असलं पत्र तज्ज्ञ देत नसतो. मी बांधलेली कोर्टाला, कंपनीची नाही आणि बाईंचीही नाही. हे मी त्यांना समजावून सांगू लागले, आणि आपलंच वाक्य ऐकून मध्येच थांबले. विषय संपला होता, केस संपली होती. घरी गेल्यावर लॅबच्या नाही, माझ्या साध्या कागदावर चार ओळी टाइप केल्या आणि त्यांच्या वकिलाकडे पाठवून दिल्या.

आता दावे आवरायला हवेत की नको, हे मला विचाराल तर मी अजून दोन्हीकडे आहे. बंद स्टेशनवर पडणारा तो माणूस आजही कुठेतरी फॉर्म भरत असेल, आणि त्याला कोणीतरी आडवं जायलाच हवं. पण त्याच्यासाठी विणलेल्या जाळ्यात तो क्वचितच सापडतो. चित्रासकट खोटं लिहिणारा माणूस नियम वाचून असतो. सापडतात त्या पाच पानं खरं लिहिणाऱ्या बाया, कारण ती पानं माझ्यासारखं कोणीतरी चाळत असतं. अनुजाला मी हे ईमेलवर कळवलं. तिचं एका ओळीचं उत्तर आलं, "थँक यू मावशी, पण माझा व्होट परत मिळेल का?" सुनंदाबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आमच्या स्टेशनवर आता पाणी मोजायचं भांडं आलंय, एवढंच सांगितलं.

मिसेस डॉसनना पाठवलेलं पत्र आठवड्याने परत आलं. मला वाटलं पत्ता चुकला. उघडलं तर आत माझाच कागद, आणि त्यावर पेन्सिलने, डाव्या हाताने लिहिल्यासारख्या मोठ्या अक्षरात, त्यांची ओळ. 'आभार. पण माझ्या मॉरीन नावाच्या स्पेलिंगमध्ये दोन ई येतात. तुम्ही पहिल्या रिपोर्टापासून एकच लिहिताय.'

मी दोन्ही रिपोर्ट काढून पाहिले. आकडा दशांशापर्यंत बरोबर होता. नाव एकतीस ठिकाणी चुकलं होतं. मी नवीन कागद घेतला आणि पत्र पुन्हा लिहिलं, या वेळी हाताने.